दाखविलेला प्रयोग आणि करून पाहिलेला प्रयोग

मराठी भाषेंत 'प्रयोग' हा शब्द दोन ठिकाणीं चालतो. नाटकमंडळी रंगभूमीवर करिते तोहि प्रयोग, आणि प्रयोगशाळेंत परीक्षानळी हातीं घेऊन विद्यार्थी करितो तोहि प्रयोगच. शब्द एक असला तरी दोहोंचा धर्म अगदीं निराळा आहे. नाटकाच्या प्रयोगांत पडद्यामागें काय चाललें आहे हें प्रेक्षकानें विचारावयाचें नसतें. विचारलें तर रसभंग होतो. शास्त्रीय प्रयोगांत मात्र पडदा म्हणून राहूंच नये, आणि पाहणारानें स्वतः उठून तोच प्रयोग करून पाहावा अशी अपेक्षा असते. इंधनावांचून चालणारीं यंत्रें, पाण्यावर धांवणाऱ्या मोटारी, झाडपाल्याचें पेट्रोल इत्यादि ज्या वार्ता वारंवार आपल्या कानांवर येतात, त्यांत पहिल्या जातीचा प्रयोग दुसऱ्या जातीचा म्हणून खपविलेला असतो, असें आमचें मत आहे.

हा विषय काढण्यास कारण आहे. शाळेच्या विज्ञानप्रदर्शनांत अलीकडे एक वस्तु हमखास दिसूं लागली आहे. एक लहान मोटार, पट्ट्यानें तिला जोडलेला डायनॅमो, डायनॅमोची वीज परत मोटारीस, वर मिणमिणणारा एक दिवा. आणि पुठ्ठ्यावर रंगीत अक्षरें, 'मोफत वीज'. मोबाईलवर असले व्हिडिओ शेंकड्यांनीं फिरतात, व मुलें तेथूनच ही कल्पना उचलतात. मुलांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांचे हात तरी चालले. परंतु याच खेळण्याची मोठी आवृत्ति घेऊन मोठीं माणसें मोठ्या माणसांच्या दारीं जातात. विजेचें बिल निम्में करणारी डबी खपविणारा येतो. पाण्यावर गाडी चालविण्याचें साधन बसवून देतों म्हणणारा येतो. 'यंत्र तयार आहे, कारखान्यास भांडवल तेवढें हवें' असें सांगून भाग विकणारा येतो. आणि या तिसऱ्याच्या हातीं जें पडतें तें पुष्कळदां मुलांच्या पुढील शिक्षणाकरितां पै पै करून सांठविलेलें असतें. तेव्हां ही केवळ शास्त्राची गोष्ट नव्हे, प्रपंचाची आहे.

आधीं हिशेब पाहूं. मोटारीस दिलेल्या १०० भाग विजेपैकीं ८० भाग फिरण्याच्या कामीं लागतात व २० घर्षणांत आणि तारा तापण्यांत जातात असें धरा. लहान मोटारीच्या बाबतींत हें धरणें उदारपणाचेंच आहे. डायनॅमोहि तितकाच चांगला मानला, तर त्या ८० पैकीं ६४ भाग वीज होऊन परत येतात. दुसऱ्या फेरीस ४१ उरतात, तिसऱ्या फेरीस २६, आणि पांचव्या फेरीस सुमारें ११. दिवा लावणें दूरच, मोटारच थांबली पाहिजे. तरीहि प्रदर्शनांतला दिवा तासभर जळत असेल, तर पुठ्ठ्याखालीं सेल दडविला आहे कीं काय हें पाहणें उद्धटपणाचें होत नाहीं. पाण्यावरील मोटारीची गतहि हीच. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. चुलींतली राख पुन्हां पेटत नाहीं तद्वतच तें. १ किलो हायड्रोजन जाळला असतां सुमारें ३३ युनिट ऊर्जा हातीं येते. तोच पाण्यांतून वेगळा काढावयास आजच्या चांगल्या यंत्रांसहि ५० युनिटांच्या आसपास वीज लागते. पन्नास देऊन तेहतीस घेण्याचा हा व्यापार कोणता वाणी करील ?

कोणी म्हणेल, पुस्तकांतला नियम म्हणजे कांहीं ब्रह्मवाक्य नव्हे. आमचेंहि तेंच म्हणणें आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आपण मानतों तो कोणीं आज्ञा केली म्हणून नव्हे. मँचेस्टरच्या जेम्स जूल यानें पडत्या वजनांनीं पाण्यांत वल्हीं फिरवून पाणी किती तापतें तें वर्षानुवर्षें मोजलें. १८४७ सालीं ऑक्सफर्ड येथील विद्वत्सभेंत त्याला आपलें म्हणणें थोडक्यांत आटोपण्यास सांगण्यांत आलें होतें. पुढें त्याचें म्हणणें मान्य झालें तें त्याच्या वक्तृत्वानें नव्हे, तर ज्यानें ज्यानें वजनें, वल्हीं व तापमापक घेऊन मोजलें त्याला त्याला तसेंच आढळलें म्हणून.

या प्रकरणांत आपल्याकडील एक थोर नांव येतें, तें टाळणें बरें नव्हे. 'लीलावती'चे कर्ते भास्कराचार्य, ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें चाळीसगांवजवळ पाटण येथें मठ उभारल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे, त्यांनीं ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त एका आपोआप फिरणाऱ्या चक्राचें वर्णन केलें आहे. चक्राच्या पोकळ आऱ्यांत अर्धवट पारा भरावा. चक्र फिरतांना पारा एका बाजूस कडेकडे व दुसऱ्या बाजूस आंसाकडे सरकतो आणि चक्र फिरतच राहतें, अशी ती कल्पना. कल्पना सुंदर आहे, व युरोपांतहि पुढें कित्येक शतकें असलीं चक्रें लोकांनीं करून पाहिलीं. परंतु एकहि आपोआप फिरत राहिलें नाहीं. कडेकडे गेलेला पारा जास्त ओढतो हें खरें, पण त्या बाजूस एका वेळीं पारा थोडा असतो, दुसऱ्या बाजूस जास्त. शेवटीं तराजू समतोल होतो व चक्र उभें राहतें. भास्कराचार्यांचें गणित आजहि खरें ठरतें, कारण तें कोणीहि पडताळून पाहावें. त्यांचें चक्र मात्र त्यांच्याविषयींच्या आदरानें फिरत नाहीं.

आतां एक गोष्ट सविस्तर सांगतों. १८१२ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं चार्ल्स रेडहेफर नांवाच्या गृहस्थानें आपोआप चालणारें एक यंत्र मांडलें, पाहावयास पैसे ठेविले, आणि याहून मोठें यंत्र बांधण्याकरितां सरकारकडे द्रव्य मागितलें. १८१३ च्या जानेवारींत सरकारी निरीक्षक पाहणीस गेले, तेव्हां दार बंद होतें. गजांच्या खिडकींतूनच काय तें पाहावें, जवळ गेल्यास यंत्र बिघडेल, असें त्यांस सांगण्यांत आलें. निरीक्षकांपैकीं नेथन सेलर्स यांनीं आपला मुलगा कोलमन यास बरोबर नेलें होतें. या यंत्राच्या दंतचक्रानें शेजारचें दुसरें यंत्र फिरतें असा देखावा होता. मुलानें पाहिलें तों दंतचक्राचे दांते भलत्याच बाजूस झिजलेले ! दांता ज्या बाजूनें दाब सोसतो त्याच बाजूस झिजतो. त्यावरून उघड झालें कीं, आपोआप चालणारें यंत्र दुसऱ्यास फिरवीत नसून दुसरेंच त्याला फिरवीत होतें. बाकीचीं माणसें चक्राची गति पाहत होतीं. मुलगा दांते पाहत होता.

सेलर्स यांनीं जाहीर बोभाटा केला नाहीं. त्यांनीं आयझेया लुकेन्स नांवाच्या एका कुशल कारागिराकडून तसेंच एक यंत्र करविलें, त्यांत घड्याळाची कमान दडविली, व तें रेडहेफरास दाखविलें. आपलें यंत्र खोटें हें ठाऊक असलेला तो गृहस्थ हें दुसरें खरें मानून बसला, आणि त्याचें रहस्य विकत मागूं लागला ! पुढें त्याच वर्षीं त्यानें न्यूयॉर्क शहरीं बिऱ्हाड हलविलें. तेथें आगबोटीचा प्रसिद्ध कर्ता रॉबर्ट फुल्टन खेळ पाहावयास आला. चक्राची गति क्षणांत जलद क्षणांत मंद होते, एखादा हातानें फिरवीत असावा तशी, हें त्याच्या ध्यानीं आलें. नुकसान भरून देतों असें म्हणून त्यानें भिंतीलगतच्या फळ्या काढल्या. आंत तांतीची दोरी निघाली. दोरीचा माग काढीत लोक माडीवर गेले, तों तेथें एक दाढीवाला म्हातारा एका हातानें दांडा फिरवीत व दुसऱ्या हातानें पावाचा तुकडा खात बसलेला! त्या म्हाताऱ्याची आम्हांस कींव येते. त्या यंत्राला लागणारें इंधन म्हणजे काय तो तेवढाच पाव.

त्याच फिलाडेल्फियांत जॉन कीली यानें १८७२ पासून १८९८ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षें, एका गूढ शक्तीच्या नांवावर भागीदारांकडून पैसा घेतला; तो वारल्यावर त्याची प्रयोगशाळा तपासली तेव्हां तळघरांत दाबलेली हवा सांठविण्याचा लोखंडी गोळा व नळ्या सांपडल्या. आपल्या देशांत १९९६ सालीं तामिळनाडूंतील रामर पिल्लै यांनीं वनस्पतींचा पाला पाण्यांत उकळून पेट्रोल काढून दाखविलें, व प्रथम दिल्लींतील जाणते लोकहि चकित झाले. बारकाईनें पाहणी झाली तेव्हां संशय ढवळावयाच्या कांडीवर आला. ती पोकळ असून आंत इंधन भरून तोंड मेणानें बंद केलेलें असे, व उष्ण द्रवांत मेण वितळे. कांडीचें वजन ढवळण्यापूर्वीं व ढवळल्यावर केलें असतें, तर एका तराजूनें देशाचा गाजावाजा वांचला असता. एवढें होऊनहि हें इंधन पुढें विक्रीस आलेंच. २००० च्या सुमारास खटला झाला, व २०१६ सालीं चेन्नईच्या न्यायालयानें त्यांस व साथीदारांस तीन वर्षांची सक्तमजुरी सांगितली. विकलें जात होतें तें खनिज तेलापासून निघणाऱ्या द्रव्यांचेंच मिश्रण होतें.

मात्र असा दावा करणारा प्रत्येकजण ठक असतो असा समज कोणीं करून घेऊं नये. सभ्य, विद्वान, निष्कपट माणूसहि फसतो, आणि तो दुसऱ्यास फसवीत नसून स्वतःच फसलेला असल्यामुळें त्याला ओळखणें अधिक कठीण असतें. ता. २३ मार्च १९८९ रोजीं अमेरिकेंतील युटा विद्यापीठांत मार्टिन फ्लाइशमन व स्टॅन्ली पॉन्स या दोन नामांकित रसायनशास्त्रज्ञांनीं वार्ताहरांस बोलावून सांगितलें कीं, जड पाण्यांत पॅलेडियम धातूची कांडी ठेवून वीज सोडली असतां सूर्याच्या पोटांत चालते तशी अणूंच्या मीलनाची क्रिया सामान्य तपमानावर होते, व दिलेल्या विजेहून अधिक उष्णता निघते. जगभर खळबळ उडाली. युटा संस्थानानें पन्नास लक्ष डॉलर मंजूर केले. शेंकडों प्रयोगशाळांनीं कांड्या व जड पाणी मिळवून रात्रंदिवस काम चालविलें. कांहींस उष्णता आढळली, पुष्कळांस आढळली नाहीं. जॉर्जियांतील एका तंत्रसंस्थेनें प्रथम पुष्टि दिली, आणि आपलें मोजण्याचें यंत्र उष्णतेनेंच चुकीचे आंकडे दाखवितें असें कळतांच कांहीं दिवसांत ती जाहीरपणें परत घेतली. या सरळपणाबद्दल त्या संस्थेची जितकी स्तुति व्हावयास हवी होती तितकी झाली नाहीं. कॅलिफोर्नियांतील शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, भांड्यांतील पाणी नीट ढवळलें नाहीं तर एका ठिकाणचें तपमान सगळ्याचें म्हणून धरलें जातें, व नसलेली उष्णता असल्यासारखी दिसते. शिवाय तेवढी उष्णता खरोखरच त्या क्रियेनें निघती, तर सोबत निघणाऱ्या न्यूट्रॉनांनीं खोलींतलीं माणसें दगावलीं असतीं. आणि तीं तर हिंडत फिरत होतीं. १९८९ च्या नोव्हेंबरांत अमेरिकन सरकारच्या समितीनें पुरावा पटण्याजोगा नाहीं असा निर्णय दिला.

मुंबईच्या वाचकांस ठाऊक असावें कीं आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतहि त्याच वर्षीं अनेक तुकड्यांनीं हे प्रयोग केले होते, आणि वर्षअखेरच्या अहवालांत न्यूट्रॉन व ट्रिटियम आढळल्याचें नमूद केलें होतें. पुढें तें काम मागें पडलें. ही लाज वाटण्याची गोष्ट आहे असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. मोठ्या माणसांनीं मोठा दावा केला असतां मान न डोलवितां व नाकहि न मुरडतां हातांत उपकरणें घेणें, हेंच प्रयोगशाळेचें काम होय. एखाद्यास कांहीं आढळावें, शेजाऱ्यास तें आढळूं नये, अशा स्थितींत प्रश्न उघडा राहतो. तो 'सिद्ध झाला' असें म्हणतां येत नाहीं एवढेंच. २०१५ पासून गूगल कंपनीच्या खर्चानें सुमारें तीस संशोधकांनीं हीच वाट पुन्हां चोखाळली, व अशा मीलनाचा पुरावा मिळाला नाहीं असें २०१९ सालीं प्रसिद्ध केलें.

'तेलवाले असले शोध दडपून टाकितात' हें वाक्य आम्हीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं त्याला उत्तर देणें भाग आहे. त्या दोघां शास्त्रज्ञांस पुढें फ्रान्समध्यें एका जपानी मोटार-उद्योगाच्या द्रव्यानें प्रयोगशाळा मिळाली होती. ती १९९८ सालीं बंद झाली. जपान सरकारनेंहि याच कामाकरितां कित्येक वर्षें पैसा दिला. दडपणें तर राहोच, जगांतील धनवंतांनीं या शोधाची वाट पाहत तिजोऱ्या उघड्या ठेविल्या होत्या.

उलट बाजूचें उदाहरण घ्या. १९८६ सालीं बेडनॉर्ट्झ व म्युलर यांनीं एका मातीच्या जातीच्या पदार्थांतून, पूर्वीं कोणास शक्य वाटलें नव्हतें अशा तपमानावर, वीज विनाअडथळा वाहते असें कळविलें. दावा अद्भुतच होता. पण कृति उघड होती. थोड्याच महिन्यांत टोकियो, अमेरिका, बंगळूर अशा ठिकाणीं, त्या दोघांशीं कांहीं देणेंघेणें नसलेल्या लोकांनीं तो पदार्थ केला व त्यांस तेंच आढळलें. १९८७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालेंहि. २०२३ सालीं कोरियांतून याहून मोठा दावा आला. तीच कसोटी लागली, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेंहि तो पदार्थ करून पाहिला, आणि कांहीं आठवड्यांत निकाल लागला कीं नाहीं. म्हणजे जग नव्या गोष्टीचा द्वेष करितें ही तक्रार खोटी आहे.

'स्वतंत्र पडताळा' या शब्दांचाहि हल्लीं दुरुपयोग होतो, त्याविषयीं दोन शब्द. २०१४ सालीं स्वित्झर्लंडांतील लुगानो येथें एका इटालियन संशोधकाच्या भट्टीची बत्तीस दिवस परीक्षा झाली. परीक्षक प्राध्यापक होते, अहवालहि जाडजूड होता. परंतु भट्टींत द्रव्य घालणें, ती पेटविणें, विझविणें व द्रव्य बाहेर काढणें या वेळीं दावेदार स्वतः हजर राहून हात लावीत होता. उत्तरपत्रिका तपासावयास परीक्षार्थीच बसला, तर निकालास काय अर्थ ? दोन वर्षांनीं त्याचें व त्याला पैसा पुरविणाऱ्या कंपनीचें भांडण अमेरिकेंतील न्यायालयांत गेलें.

आतां घरांतली डबी. ती फोडली तर आंत बहुधा कपॅसिटर नांवाचा एक घटक व एक हिरवा दिवा निघतो. कारखान्यांत, जेथें वेगळ्या हिशेबानें आकारणी होते, तेथें कपॅसिटराचा उपयोग खरोखर आहे. घरचें मीटर मात्र प्रत्यक्ष खर्ची पडलेली वीजच मोजतें, तिच्यांत या डबीनें उतार पडत नाहीं. पण आमच्या शब्दावर कां विसंबावें ? मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि किती लुकलुकींस एक युनिट हें मीटरवरच छापलेलें असतें. पुष्कळ मीटरांवर तो आंकडा ३२०० असतो. घरांतील बाकीचीं उपकरणें बंद करून ठराविक पंखे चालू ठेवावे. थोरल्या बहिणीनें आंतल्या खोलींत डबी लावावी अथवा काढावी, आणि केव्हां लावली तें कागदावर गुपचूप टिपून ठेवावें. धाकट्यानें बाहेर मीटरपाशीं दहा दहा मिनिटें लुकलुक मोजावी. विजेचा दाब दिवसांत कमीजास्त होतो, म्हणून एका मोजणीनें भागणार नाहीं. वीस तरी हव्या, आणि लावण्याकाढण्याचा क्रम नाणें उडवून ठरवावा. मग दोघांचे कागद वडिलांपुढें ठेवावे. मोजणारास डबी लागली आहे हें ठाऊक असतां कामा नये. ठाऊक असलें कीं डोळे आपोआप डबीच्या बाजूनें मोजूं लागतात. मीटर उघडण्याचें किंवा तारांस हात लावण्याचें यांत कांहींच कारण नाहीं, व तसें कोणीं करूंहि नये.

कित्येक पालक म्हणतील कीं अशानें मुलें मोठ्यांचा अवमान करावयास शिकतील. वाण्यानें तोललेलें धान्य घरीं पुन्हां तोलून पाहिल्यानें सचोटीचा वाणी कधीं रागावला आहे काय ? रागावतो तोच ज्याच्या तराजूखालीं मेण असतें. शंका माणसावर घ्यावयाची नाहीं, मोजणीवर घ्यावयाची. हा भेद मुलांस मोठ्या माणसांपेक्षां लवकर समजतो असा आमचा अनुभव आहे.

यास्तव आमची एक सूचना आहे. शाळेच्या पुढील प्रदर्शनांत जें यंत्र ऊर्जा देतें, वांचवितें किंवा वाढवितें असें सांगितलें जाईल, तें आदल्या दिवशीं दुसऱ्या वर्गाच्या चार विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करावें. कर्त्यानें कृति लिहून द्यावी आणि खोलीबाहेर बसावें. परीक्षकांनीं यंत्र टेबलावरून उचलून, खालून वरून पाहून, शाळेच्या उपकरणांनीं आंत किती गेलें व बाहेर किती आलें हें लिहावें, आणि तो कागद, आंकडे अनुकूल असोत वा प्रतिकूल, यंत्राशेजारीं टांगावा. ज्याचें यंत्र चाललें नाहीं पण ज्यानें त्याचें कारण शोधून लिहिलें, त्यासहि बक्षिसास पात्र धरावें. याकरितां एक वीजमीटर, एक तराजू, दोन तापमापक व एक घड्याळ लागेल. पहिलें सोडून बाकी सर्व शाळेंत आहे. वीजमीटराची वर्गणी कोणी पालक देऊं इच्छित असतील, तर त्यांनीं विज्ञानशिक्षकांस भेटावें.